हिनेक कुबिश्ताची ओळ

ओताकार मारेशला दुसऱ्याच्या घरातला दिवासुद्धा विनाकारण जळताना बघवत नसे. हे दुखणं वडिलोपार्जित. त्याचे वडील ब्रनो शहरात दारोदार फिरून विजेचे मीटर वाचायचे आणि रात्रीच्या जेवणाला कोणाच्या जिन्यात भर दुपारी बल्ब जळत होता याचा पाढा वाचायचे. आईला तो पाठ झाला होता, मुलाच्या अंगात भिनला. ओताकार पन्नाशी उलटून गेला तरी कचेरीत स्वच्छतागृहाचं दार वाजलं की त्याचा हात बटणाकडे जायचा. "अरे, आत माणूस आहे!" असा आरडाओरडा किमान दोनदा झाला होता.

नशिबाने नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली. संगणकाच्या पोटात जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याला कर्नेल म्हणतात, त्यात वीज वाचवायचं काम. सगळं कर्नेल नव्हे, त्याचा एक चिमूटभर भाग ओताकारकडे होता: डिस्क आणि बाकीचं यंत्र यांना जोडणारी तार. डिस्कशी कोणी बोलत नसेल तेव्हा त्या तारेने डुलकी घ्यावी, एवढंच. ती सोय यंत्रात कारखान्यातूनच आलेली असते. पण कर्नेलने ती बंद ठेवलेली. ज्याला हवी त्याने स्वतः चालू करावी, असा न्याय. आणि चालू कोण करतो? लोक यंत्र आणतात, खोकं फाडतात आणि वापरायला लागतात. ओताकारचं म्हणणं होतं की सोय सगळ्यांसाठी आपोआप चालू असावी. एका यंत्रामागे वाचणार एक-दीड वॅट. पण यंत्रं कोट्यवधी. त्या आकड्याचं तो मनातल्या मनात वडिलांच्या मीटरमध्ये रूपांतर करायचा आणि ते चाक गरगर फिरताना त्याला दिसायचं.

नऊ वर्षं त्याने हा ध्यास घेतला. तीन वेळा बदल मंजूर झाला आणि तीनही वेळा मागे घ्यावा लागला. कारण या लोकांचा एक कडक नियम आहे: कोणाचं चालू असलेलं यंत्र तुमच्यामुळे बंद पडता कामा नये. एकाचंसुद्धा. आणि काही डिस्का अशा नाठाळ की त्यांना एकदा झोपवलं की उठल्यावर भलतंच बरळतात. मागितलं एक, देतात दुसरं, आणि वर काही बिघडलंच नाही असा आव. म्हणून कर्नेलमध्ये अपवादांची एक यादी ठेवलेली असते. एका डिस्कला एक ओळ. ज्या डिस्कची ओळ यादीत, तिला झोपवायचं नाही.

त्या यादीतली एक ओळ हिनेक कुबिश्ताच्या नावावर होती.

हिनेक हा ल्होत्का गावचा निवृत्त भूगोलमास्तर आणि गावाचा बखरकार. आमच्याकडे प्रत्येक गावाला बखरकार असतो; वर्षभरात कोण जन्मलं, कुठली विहीर आटली, कोणाच्या गाड्यावर वीज पडली, हे त्याने लिहून ठेवायचं. म्हातारपणी हिनेकला संगणकाचा नाद लागला. नवं कर्नेल निघालं की घालायचं, मोडतं का बघायचं आणि कळवायचं. ओताकारने काहीही पाठवलं की दोन दिवसांत त्याचं उत्तर यायचंच. "झोपवली. उठली ती वेड्यासारखी बोलायला लागली. परत झोपवायला सांगू नका." कोणी काय तपासलं याची नोंद कर्नेलच्या इतिहासात कायमची राहते. हिनेकचं नाव ओताकारच्या कामाखाली एक्केचाळीस वेळा लागलं होतं.

या मंडळींचा सगळा पत्रव्यवहार उघड्यावर चालतो. जगभरची माणसं वाचतात अशी ती एक चावडीच म्हणा. चावडीवर बोलायचं ते इंग्रजीत, आणि चावडीबाहेर झालेलं बोलणं धरायचं नाही. त्यामुळे गंमत बघा, ओताकार ब्रनोचा, हिनेक तिथून साठ किलोमीटरवरचा, दोघांची आईची भाषा एक, आणि सहा वर्षं दोघे एकमेकांशी शाळामास्तरी इंग्रजीत बोलत राहिले. भेटले कधीच नाहीत. ही जमातच अशी आहे. कामाचं बोलून झालं की माणूसही बोलून झाला असं त्यांना वाटतं.

चौथ्या खेपेला ओताकार अडला तो याच ओळीपाशी. ती ओळ डिस्कला तिच्या नावाच्या पहिल्या तुकड्यावरून ओळखायची, आणि कंपनीने मागाहून निघालेल्या चांगल्या डिस्कांनाही तोच तुकडा लावलेला. एका म्हाताऱ्याच्या डिस्कपायी लाखो निरपराध यंत्रं यादीत अडकली होती. हिनेकच्या डिस्कचं पूर्ण नाव मिळालं असतं तर ओळ तेवढ्यापुरती आखूड करता आली असती. ओताकारने चावडीवर, हिनेकलाही प्रत जाईल असं, त्याच्या नावाने विचारलं: ते यंत्र अजून चालू आहे का? असल्यास डिस्कचं पूर्ण नाव कळवा. अकरा आठवड्यांत उत्तर आलं नाही तर ओळ काढतो.

उत्तर आलं नाही. चावडीवर मौन म्हणजे होकार.

समोरच्या टेबलावर बसणाऱ्या लिबूशेने तेव्हा त्याला हटकलं होतं. "अहो, फोन करा की त्या माणसाला. तीन वर्षांत त्याचं काही आलेलं नाही."

"रुसला असेल. मागच्या वेळी आभार मानायचे राहिले माझ्याकडून."

"मग जाऊन माना. बसने सव्वा तास."

"चावडीबाहेरचं धरत नाहीत, लिबूशे. पद्धत आहे."

"पद्धतीला तिकीट लागत नाही, तुम्हाला लागतं, एवढाच त्रास आहे," लिबूशे म्हणाली आणि तिने कानांवर हेडफोन चढवला.

ओताकारने ओळ काढली. बदल मंजूर झाला, मे महिन्यात नवं कर्नेल निघालं आणि तारेची डुलकी जगभर आपोआप चालू झाली. त्या दिवशी त्याने कचेरीत सगळ्यांना ख्लेबीचेक, म्हणजे अंडं-लोणचं लावलेले पावाचे काप, वाटले, आणि घरी जाताना वडिलांच्या थडग्यापाशी जाऊन उभा राहिला. मान ताठ होती.

सप्टेंबरात कचेरीचा फोन वाजला. खाली फोनवर बसणाऱ्या बाईने जोडून दिला.

"इंजिनियर मारेश तुम्हीच का?" आवाज म्हातारा, पण ठणठणीत. "मी ल्होत्काहून ब्लाझेना बोलतेय. हिनेक कुबिश्ताची बायको. तुम्ही त्याला पत्रं पाठवायचात. त्याने छापून ठेवलीयत सगळी, खणात. खाली हा नंबर आहे."

"हो, हो! कसे आहेत ते?"

"गेला की तो. अडीच वर्षं झाली." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तुम्हाला कसं कळणार म्हणा. मी कोणाला कळवायचं, मला ठाऊक नव्हतं. इंजिनियरसाहेब, त्याचं यंत्र बोलेनासं झालंय. त्रेबीचहून दुरुस्तीचा माणूस आणला तर म्हणतो, फेकून द्या. तुम्ही येऊन बघता का? मी बसचं भाडं देईन."

"यंत्र... चालू होतं?" त्याने विचारलं.

"चालू म्हणजे? रोज."

शनिवारी सकाळच्या बसने तो ल्होत्काला गेला. ब्लाझेनाबाईंनी दार उघडलं, त्याच्या बुटांकडे बघितलं आणि भिंतीलगतच्या चपला पुढे सरकवल्या. तपकिरी, टाचेला झिजलेल्या. "त्याच्याच आहेत. दुसऱ्या नाहीत घरात. घाला, फरशी गार आहे." ओताकारने त्या घातल्या. त्या त्याला बरोबर झाल्या, आणि तेच त्याला सोसेना.

यंत्र स्वयंपाकघरात, चुलीशेजारच्या बाकावर होतं. बाईंनी बटाटे सोलत सगळं सांगितलं. त्यांचे डोळे अधू. हिनेकच्या घशात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आवाज जाणार, मग माणूस. त्यावर हिनेकने एकच काम हातात घेतलं. गावाची आपण लिहिलेली एकोणीस वर्षांची बखर त्याने मोठ्याने वाचून यंत्रात भरून ठेवली. दीडशे तास. आवाज असेपर्यंत वाचत होता. "म्हणाला, तुला वाचता येत नाही, मग ऐक. मी सकाळी सूप चढवते आणि एक पान ऐकते. सगळं संपलं की पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये तो मधेच अडखळायला लागला. मला वाटलं, माझेच कान गेले. मग नुसता खरखराट. ऑगस्टात तोही नाही."

"बखर कागदावर आहे ना?"

"ती आहे सरकारदरबारी. मला बखर नकोय, साहेब. त्यातली भांडणं मला तोंडपाठ आहेत. मला तो हवाय."

ओताकारने यंत्र उघडलं. आधी आशा वाटली, कारण आत दोन डिस्का होत्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. हिनेक शहाणा माणूस. मग त्याने दोन्हींवरची चिठ्ठी वाचली. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या. पहिली चांगली वाटली म्हणून दुसरीही तीच. ओताकारनेही अगदी असंच केलं असतं.

पुढे तासाभरात सगळा उलगडा झाला. हिनेकने यंत्राला शिकवून ठेवलं होतं की दर सोमवारी नवं कर्नेल आपणहून आणून घालायचं. मास्तर मेला तरी यंत्र शाळेत जातच होतं. मेच्या अखेरीस त्याने ओताकारचं नवं कर्नेल आणलं, आणि जिला कधीच झोपवायचं नव्हतं ती डिस्क झोपू लागली. हेही एक वेळ निभावलं असतं, कारण उठल्यावर डिस्क बरळली तरी आत लिहिलेलं शाबूत राहतं. पण हिनेकने आणखी एक काळजी घेतली होती. दर रविवारी यंत्राने दोन्ही डिस्कांवरची आवाजाची प्रत्येक फाइल ताडून बघायची, आणि फरक दिसला तर एकीवरून दुसरीवर उतरवून घ्यायचं. झोपेतून उठलेली डिस्क भलतंच वाचून दाखवी आणि यंत्र ते भलतं इमानाने दुसरीवर उतरवी. पुढच्या रविवारी उलट. चौदा रविवार हे चाललं होतं. दीडशे तासांतला एकही तास शिल्लक नव्हता.

ओताकारने हे त्या दिवशी बाईंना सांगितलं नाही. धीरच झाला नाही. "बघतो," म्हणाला, आणि जुनं कर्नेल घालून, डिस्कांना जागं ठेवून, तुकडा तुकडा वाचायला बसला. रविवारी पुन्हा आला. सोमवार-मंगळवारची रजा काढली. आवाजाच्या फाइली एकामागून एक उघडायच्या, कानाला लावायच्या. खरखर, खरखर, मधे एखादा 'आणि', पुन्हा खरखर. तो 'आणि'सुद्धा दुसऱ्या फाइलीतून तिथे येऊन पडलेला असे. मनात तो कोणाची तरी करुणा भाकत होता. एक वर्ष, नाही तर एक पान तरी. तो देव मानणारा नव्हता, त्यामुळे कोणाची भाकतोय हेही त्याला कळत नव्हतं. बाई दुपारी कुलायडा, म्हणजे शेपूचं सूप, वाढायच्या आणि तो मान खाली घालून जेवायचा. त्या घरातलं अन्न खायची त्याला लाज वाटायची, आणि टाकलं तर त्या रागावायच्या.

मंगळवारी जेवताना बाई सहज म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं होतं की मधे."

ओताकारचा चमचा थांबला.

"हिवाळ्यात. यंत्रावर. मी रोज बघते पत्रं, भिंग लावून. हिनेकला कोण लिहितंय आता, तरी बघते. तुमचं नाव वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, आठवण आहे माणसाला. पण आतलं सगळं इंग्रजी. मला कुठलं यायला? पोस्टातल्या मुलीला दाखवणार होते. मग वाटलं, हिनेकचं पत्र आहे, परक्याला कशाला. काय होतं त्यात?"

खोटं बोलावं असं ओताकारच्या फार मनात आलं. पण चार दिवस त्या माणसाच्या चपला पायात होत्या.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला, "की हे यंत्र अजून चालू आहे का. उत्तर आलं नाही, म्हणून मी समजलो की नाही. आणि या डिस्कला सांभाळणारी ओळ काढून टाकली. हे सगळं माझ्यामुळे झालंय, बाई. त्रेबीचचा माणूस खरं बोलत होता. मला काहीही सापडलेलं नाही."

बाईंनी हातातला पाव खाली ठेवला. मग त्यांनी जे विचारलं त्यात राग नव्हता, खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"पण तुम्ही तर इथलेच ना? मग आपल्या भाषेत का नाही विचारलंत? मी लगेच सांगितलं असतं, चालू आहे म्हणून."

"तिथे तशी पद्धत आहे," ओताकार म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडचे ते शब्द ऐकून त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई उठून मागच्या अंगणात गेल्या. ओताकार तसाच बसून राहिला. समोर दोन्ही डिस्का उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर ठळक अक्षरांत पूर्ण नाव छापलेलं होतं. ओळ आखूड करायला हवं होतं ते एवढंच. बसने सव्वा तास आणि वाचायला अर्धं मिनिट. नऊ वर्षांचं त्याचं काम आता अगदी सुखरूप राहणार होतं. एकही निरपराध यंत्र अडकणार नव्हतं. त्याने ते नाव वहीत उतरवून घेतलं.

निघायच्या आधी त्याला एक शेवटची गोष्ट सुचली. रविवारची ताडणी फाइलींना हात लावायची. पण जे हिनेकने स्वतःच पुसून टाकलं होतं, ती काही फाइल नव्हती; ते डिस्कच्या कोपऱ्यात तसंच पडून असणार. नव्याने वर काही लिहिलं जात नाही तोवर पुसलेलं जात नाही. त्याने तो टाकाऊ भाग चाळायला घेतला. दोन तासांनी चार मिनिटांचा एक तुकडा हाताला लागला. त्याने थोडासा ऐकला आणि धावत अंगणात जाऊन बाईंना बोलावलं.

"सन दोन हजार सहा," हिनेक वाचत होता. घसा खरवडलेला, पण मास्तरचा तोरा शाबूत. "यंदा बर्फ एप्रिलपर्यंत हटलं नाही. नोवोत्नींच्या छपराचा..." इथे खोकला. पुन्हा सुरुवात. "नोवोत्नींच्या छपराचा दक्षिणेकडचा..." मागे एक शिट्टी चढू लागली. "ब्लाझेन्का, किटली! अगं, किटली उचल, सगळं त्यात येतंय!"

"तूच उचल की. माझे हात पिठात आहेत," असं बाईंचाच आवाज यंत्रातून म्हणाला.

"मी गावाचा इतिहास सांगतोय!"

"मग गावालाच सांग किटली उचलायला."

हिनेक हसला. हसता हसता ठसका लागला, तो बराच वेळ चालला. शेवटी दमलेल्या आवाजात तो म्हणाला, "वाया गेलं हे. पुसतो." आणि खट् असा आवाज.

ब्लाझेनाबाई चुलीला टेकून उभ्या होत्या. "हे तर त्याने टाकून दिलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"दीडशे तासांत एकदाही असा हसला नव्हता. वाचताना फार गंभीर व्हायचा." त्यांनी पदराला डोळे पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि मग त्या रडल्या. बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच रडल्या. आपण इथून नाहीसे व्हावं असं ओताकारला वाटत होतं, पण तो हलला नाही.

मग तो यंत्रासमोर बसला आणि त्याने पॅच, म्हणजे कर्नेलमधला दुरुस्तीचा तुकडा, लिहिला. काढलेली ओळ परत घालायची, पूर्ण नावानिशी. वर कारण लिहावं लागतं, ते लिहिलं. खाली चूक कोणी कळवली त्याचं नाव लिहावं लागतं. "तुमचं नाव घालू?" त्याने विचारलं.

"त्याचं घाला. यंत्र त्याचं आहे."

"दोघांचं घालतो."

बाई खांद्यामागे येऊन उभ्या राहिल्या. भिंग काढून त्या पडद्याशी वाकल्या. "पुन्हा इंग्रजीच."

"हो. तिथे..." तो थांबला. "हो."

"मग वाचून दाखवा. आपल्या भाषेत."

ओताकारने वाचलं. अडखळत, एकेक शब्द उलटवत. "ही ओळ मी काढली. उत्तर न येणं म्हणजे होकार असं मी धरलं. ती चूक माझी. हिनेक कुबिश्ता वारले आहेत. त्यांचं यंत्र अजून चालू आहे आणि रोज वापरात आहे."

"शेवटचं परत वाचा."

"त्यांचं यंत्र अजून चालू आहे आणि रोज वापरात आहे."

बाईंनी मान हलवली. "हेच सांगितलं असतं मी," त्या म्हणाल्या. "पाठवा."